रंधा यंत्राची दोन कामे

सेनगावातला सुतार फळी रंधताना मधूनच एक डोळा मिटून तिच्या कडेने पाहतो. पाहतो तो पीळ. आधी एक बाजू सपाट करायची, मग दुसरी तिला समांतर, ही दोन वेगळी कामे आहेत हे त्याला ठाऊक असते. यंत्राला ते एकदम साधले नाही. अमेरिकेतील विल्यम वुडवर्थने १८२८ मध्ये पेटंट घेतलेल्या यंत्रात रूळ फळीला फिरत्या पात्यांकडे नेत. (मुदतवाढी मिळत हे पेटंट १८५६ पर्यंत चालले!) जाडी एकसारखी येई, पण रुळांनी दाबलेली वाकडी फळी सुटताच पुन्हा वाकडी. वर्गात वाकलेली पट्टी टेबलावर दाबून सोडा, तेच दिसेल.

म्हणून सपाटीसाठी फळी हाताने पात्यांवरून सरकवावी लागते. जोडयंत्रात एकाच पातेधारकाच्या वर सपाटी होते, खाली जाडी. धोका वरच्या कामात. जुना पातेधारक चौकोनी असे. त्याच्या सपाट बाजूंपाशी पडणाऱ्या फटीत बोटे ओढली जाऊन तुटत. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत गोल धारक आला. त्यातून पाते जेमतेम मिलिमीटरभर बाहेर डोकावते. जखम होतेच, पण बोट वाचू शकते. घरच्या कामासाठी जुने जोडयंत्र घेताना आधी वाकून पातेधारकाचा आकार पाहावा, मोटारीची हॉर्सपॉवर मागाहून.