ओझे पाठीवर घेणारी पिकअप

मागच्या अ‍ॅक्सलवर दोन्ही बाजूंना जोडीजोडीने मिळून चार टायर असलेल्या पिकअपला अमेरिकेत ‘ड्युअली’ म्हणतात. एकूण सहा चाके, मागे दोन्ही अंगांनी फुगलेले मडगार्ड, आणि हौद्यातल्या जोडणीवर पुढचे टोक टेकवून मागोमाग येणारा दहा-बारा मीटरचा ‘फिफ्थ व्हील’ ट्रेलर, म्हणजे चाकांवरचे अख्खे घर. हे धूड पाहिले की अमेरिकनांना सगळेच मोठे लागते, असे म्हणून माणूस मोकळा होतो. पण इतिहास तपासला तर हौस हे त्याचे मूळ ठरत नाही. ओढायच्या ट्रेलरचे वजन पुढच्या गाडीवर नेमके कुठे टेकवायचे, या प्रश्नातून ड्युअली घडत गेली. त्याचे उत्तर मालवाहतुकीने आधी शोधले होते, कुटुंबांच्या भटकंतीने ते मागाहून उचलले. उचलताना ट्रकची चाकेही घ्यावी लागली. ट्रकवाल्यांची शिस्त मात्र उशिरा आली, आणि तीही अर्धीमुर्धी.

प्रश्न मुळात तोलाचा आहे. बैलगाडीत माल मागे सरकला की गाडी उलाळ होते आणि फार पुढे आला की बैलांच्या मानेवर बसतो. ट्रेलर भरतानाही हेच गणित असते. साधा ट्रेलर मोटारीच्या मागच्या बंपरखालच्या गोळ्याला अडकवतात. हा गोळा मागच्या अ‍ॅक्सलच्या बराच मागे असल्यामुळे त्यावरचा भार तरफेसारखा काम करतो. मोटारीचे नाक उचलले जाते, आणि बाजूने वारा आला की ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागतो. म्हणून अशा ट्रेलरचा साधारण 10 ते 15 टक्के भारच गोळ्यावर ठेवतात. फिफ्थ व्हीलमध्ये आडव्या तबकडीच्या जबड्यात ट्रेलरची किंगपिन बसते, आणि ही तबकडी मागच्या अ‍ॅक्सलच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे असते. तरफ नाहीशी होते, डोलणे जवळजवळ थांबते, आणि 15 ते 25 टक्के वजन पुढच्या गाडीला थेट पाठीवर घेता येते. या तत्त्वाचा व्यापारी जन्म डेट्रॉइटमध्ये झाला. 1914 मध्ये फ्रेडरिक सिब्ली या लाकडाच्या व्यापाऱ्याला आपली बोट फोर्ड मोटारीमागून न्यायची होती. ऑगस्ट फ्रूहॉफ या लोहाराने त्याच्यासाठी पुढचा भार मोटारीवरच टेकवणारी गाडी बनवली आणि तिला ‘सेमी-ट्रेलर’ म्हटले. चारच वर्षांत फ्रूहॉफची ट्रेलर कंपनी उभी राहिली. आज न्हावा-शेवा बंदरातून कंटेनर घेऊन निघणारा प्रत्येक ट्रेलर याच तत्त्वावर जोडलेला असतो.

ही जोडणी घरगुती प्रवासात आणली ती विमानविद्येतल्या ग्लेन कर्टिस यांनी. 1920 च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी फ्लोरिडात ‘एअरोकार’ नावाचे ट्रेलर बनवायला घेतले. लाकडी सांगाडा, तो ताणून धरणाऱ्या तारा, वरून कापडी आवरण, अशी त्याची बांधणी थेट विमानावरून उचललेली होती. पुढचे टोक मोटारीच्या मागच्या भागात आडव्या बसवलेल्या हवेच्या टायरमध्ये टेकत असे, त्यामुळे रस्त्याचे धक्के तिथेच जिरत. ही जोडणी इतकी निर्णायक होती, तर मग एअरोकारला जोडटायर का लागले नाहीत, असा आक्षेप इथे घेता येईल. आक्षेप रास्त आहे. कर्टिस यांनी वजन कमी राखण्यावर सगळी बुद्धी खर्च केली होती, म्हणून साधी मोटारही तो भार पेलू शकली. म्हणजे नुसत्या जोडणीने ड्युअली घडली नाही. जोडणीने भार पाठीवर घ्यायची वाट करून दिली, आणि पुढच्या पिढ्यांनी त्या वाटेने वजन वाढवत नेले. 1930 मध्ये कर्टिस वारले, महामंदीने महागड्या ट्रेलरांचा बाजार बसवला, आणि पुढची काही दशके कुटुंबांनी बंपरला अडकवायच्या ट्रेलरवरच भागवले.

दरम्यान पिकअप शेतातून घराच्या दारात आली. 1956 च्या कायद्याने आंतरराज्य महामार्गांचे जाळे बांधायला पैसा मिळाला, आणि 1960 च्या दशकात पिकअपच्या हौद्यात अख्खी झोपायची खोली सरकवून सुट्टीला निघायची पद्धत पसरली. ही खोली उंच, जड आणि सगळीच्या सगळी मागच्या चाकांवर बसणारी. कारखानदारांनी आधी पाटे आणि अ‍ॅक्सल मजबूत केले. मग 1973 च्या नव्या मॉडेलांबरोबर जनरल मोटर्सने ‘एक टनी’ म्हणवल्या जाणाऱ्या वर्गातल्या पिकअपला मागे जोडटायर देऊ केले. शेवरोलेने त्या गाडीचे नाव ठेवले ‘बिग डूली’. ट्रकला जोडटायर कित्येक वर्षे होतेच. नवे होते ते एवढेच की ते आता सुट्टीला जाणाऱ्या कुटुंबासाठी विकले जात होते. ड्युअलीची खरी जननी डिझेल इंजिनाची ताकद, हे मत फार ऐकू येते. वर्षांचा क्रम त्याच्या विरुद्ध जातो. बिग डूली पेट्रोलवर चालत होती. फोर्डच्या जड पिकअपमध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरचे डिझेल 1983 च्या मॉडेलपासून आले, आणि डॉजमध्ये कमिन्सचे 5.9 लिटरचे सहा सिलिंडरी टर्बो डिझेल 1989 मध्ये. चाके आधी आली, ताकद मागून. ताकदीने मात्र नंतर, याच हौद्यात जोडणी बसवून ओढल्या जाणाऱ्या फिफ्थ व्हील ट्रेलरला वाढायची मुभा दिली. बटण दाबताच बाजूच्या भिंती बाहेर सरकून खोली रुंद करणारे ट्रेलर 1990 नंतर फैलावले, आणि त्या सरकत्या भिंतींच्या लोखंडाने व मोटारींनी वजन भराभर चढले. ओघात सांगायला हवे की कमिन्सच्या याच बी मालिकेतली इंजिने टाटांच्या ट्रकांसाठी आधी जमशेदपूरला आणि पुढे फलटणलाही बनू लागली. अमेरिकेत कुटुंबाचे घर ओढणाऱ्या इंजिनाचे भाऊबंद आपल्याकडे ऊस, कांदा आणि सिमेंट वाहतात.

हौसेच्या मताला खरे उत्तर या गाडीबरोबरच्या रोजच्या जगण्यात मिळते. मागची रुंदी सुमारे 2.4 मीटर, आणि बाजारातली पार्किंगची जागा तिच्याहून जेमतेम वीत-दीड वीत जास्त. यांत्रिक गाडी धुण्याच्या जागी ती शिरत नाही. रिकामी चालवली तर कडक पाट्यांमुळे प्रत्येक खड्डा पाठीत बसतो. बर्फात तर ती उलटी वागते, कारण तेच थोडे वजन चार टायरवर विभागले जाते, एकेका टायरचा दाब घटतो आणि चाक घसरते. सर्वांत मोठी काळजी आतल्या टायरची. त्याची हवा गेली तरी बाहेरचा टायर भार उचलून धरतो, गाडी झुकत नाही, आणि दुप्पट ओझ्याने तापलेला तो टायर मैलामैलांनी फुटायच्या जवळ जातो. म्हणून जाणता मालक निघण्यापूर्वी आतल्या व्हॉल्व्हपर्यंत हात घालून हवा मोजतो आणि दोन टायरांमध्ये दगड अडकला आहे का ते बघतो. ट्रेलर जोडणे हाही एक विधीच. फाळका पाडायचा, सावकाश मागे यायचे, तबकडी किंगपिनच्या पेटीखाली किंचित घासत शिरेल इतकीच उंची ठेवायची. ट्रेलर बोटभर जास्त उंच राहिला तर पिन जबड्यात न बसता त्याच्यावरच टेकते, आणि निघताना ट्रेलरचे नाक हौद्याच्या कडांवर आदळते. म्हणून वाकून, टॉर्च मारून जबडा मिटल्याची खात्री करायची, ब्रेकची तार आणि विजेचा प्लग लावायचा, ट्रेलरचे पाय जमिनीवर असतानाच त्याचे ब्रेक दाबून धरायचे आणि गाडी हलकेच पुढे ओढून बघायची. नुसत्या दिमाखासाठी ड्युअली घेणारेही असतात. पण एवढा जाच वर्षानुवर्षे सोसायला दिमाख पुरत नाही.

याहून वजनदार आक्षेप हिशेबाचा आहे: आजच्या एकेरी चाकांच्या एक टनी पिकअप इतक्या दणकट झाल्या आहेत की जोडचाकांची गरजच काय? ओढण्याची क्षमता पाहिली तर हे पटते. पण फिफ्थ व्हीलमध्ये आधी संपते ती पाठीवर पेलायची क्षमता. सात टनांचा ट्रेलर धरा. त्याचा पाचवा भाग, म्हणजे 1,400 किलो, हौद्यावर येतो. त्यात जोडणीचे शंभरेक किलो, घरची चार माणसे आणि सामान मिळवले की एकेरी चाकांच्या अनेक डिझेल पिकअपच्या दारावर छापलेली मर्यादा गाठली जाते. ड्युअलीत तिथे बरीच जागा उरते. एक टायर फुटला तरी शेजारचा गाडी सावरतो, हा फायदा वेगळाच. धोरणाचा वाटा नाकारता येत नाही, हेही मी मान्य करतो. 1975 च्या कायद्यातून निघालेल्या इंधन-बचतीच्या नियमांतून 8,500 पौंडांहून जड पिकअप बाहेर राहिल्या, आणि त्यांना असे मोजमाप थेट 2014 च्या मॉडेलपासून लागू झाले. ती चार दशकांची मोकळीक नसती तर ड्युअली एवढी सर्रास दिसली नसती. तरी मोकळिकीने खप वाढतो. मागे चारच टायर का, हे ती सांगत नाही. ते वजनच सांगते.

माझी खरी तक्रार पुढची आहे. ट्रकचालकांसाठी अमेरिकेने 1986 च्या कायद्याने देशभर सामाईक परवाना-पद्धत आणली. एकूण जोडीचे वजन 26,000 पौंडांच्या वर आणि त्यातला ट्रेलर 10,000 पौंडांहून जड असेल तर वेगळी परीक्षा द्यावी लागते. स्वतःचे फिरते घर ओढणाऱ्या कुटुंबावर मात्र केंद्राने हे बंधन घातले नाही, ते राज्यांवर सोडले. टेक्सास अशा जोडीसाठी बिगर-व्यापारी ‘अ’ वर्गाचा परवाना मागते, कॅलिफोर्निया 15,000 पौंडांवरच्या फिफ्थ व्हीलसाठी मागते, आणि अनेक राज्यांत साध्या मोटारीच्या परवान्यावर कोणीही हे दहा-बारा टन घेऊन महामार्गावर येऊ शकतो. उतारावर तापलेल्या ब्रेकला मागचे ओझे माल आहे की कुटुंबाचा पलंग, याने फरक पडत नाही. ट्रक थांबतात त्या तळांवर वजनकाटे असतात, आणि बरेच फिफ्थ व्हीलवाले कोणी सांगितले नसताना आपली जोडी तिथे चढवून प्रत्येक अ‍ॅक्सलचा आकडा घेतात. ही आपणहून पाळलेली शिस्त 26,000 पौंडांच्या वरच्या प्रत्येकाला सक्तीची व्हायला हवी, आणि टेक्सासची परीक्षा सगळ्या राज्यांत लागू व्हायला हवी.