उल्हासनगर कॅम्प १ : सण व समाजजीवन

ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर शहराचा शहाड स्थानकालगतचा भाग. कल्याणजवळच्या, दुसऱ्या महायुद्धकाळातील लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना आसरा देण्यात आला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नगराची कोनशिला बसली. छावणीचे पाच भाग अद्याप ‘कॅम्प’ म्हणूनच ओळखले जातात. पत्त्यात बराकीचा क्रमांकही चालतो.

समाजरचना : सिंधमधील निरनिराळ्या गावांची कुटुंबे शेजारी आल्याने जुनी गावकी उरली नाही, तिचे काम पंचायती व धार्मिक दरबारांनी उचलले. पंचायतीचा प्रमुख तो मुखी. घरगुती तंटे मिटवणे, लग्नकार्यात व उत्तरकार्यात मदत करणे, सण साजरे करणे ही पंचायतीची कामे. टिकाणे म्हणजे सिंधी देवस्थान. तेथे गुरू ग्रंथसाहिबाचा पाठ आणि देवमूर्तींची पूजा एकत्र चालते. त्यामुळे गुरू नानक जयंतीही मोठा सण ठरतो.

सण : चेटीचंड (चैत्र शुद्ध द्वितीया) हा जलदेवता झुलेलाल यांचा जन्मदिन व सिंधी नववर्ष, तो बहुधा गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी येतो. कणकेच्या दिव्यात जोत लावून, फळे, खडीसाखर व वेलदोडे मांडून ‘बहराणो’ सजवतात. छेज या टिपरीनृत्यासह मिरवणूक काढून तो पाण्यात सोडतात. पाण्याला तांदूळ व साखर वाहणे म्हणजे ‘अखो’, तर पदर पसरून मागणे मागणे म्हणजे ‘पलव’. गोड भाताचा (ताहिरी) प्रसाद असतो.

जुलै-ऑगस्टमधील चालिहो हे चाळीस दिवसांचे व्रत. व्रतस्थ मांसाहार वर्ज्य करतात. सांगतेला मटक्या डोक्यावर घेऊन पाण्याकडे जातात. कॅम्प ५ मधील चालिहा मंदिर या व्रताचे मुख्य केंद्र असून तेथील अखंड जोत सिंधमधून आणलेली आहे, अशी श्रद्धा आहे. श्रावण वद्य तृतीयेला सुवासिनी तिजडीचा उपवास चंद्रदर्शनानंतर सोडतात. गोकुळाष्टमीच्या आदल्या दिवशी, थदडीला, चूल पेटवत नाहीत. त्याच्या आदल्या दिवशी केलेल्या लोले व कोकी या जाड पोळ्या खातात.

परिसर : सेंच्युरी रेयॉन कारखान्यामुळे येथे मराठी व परप्रांतीय कामगारवस्ती वाढली. शहाडच्या बिर्ला मंदिरात विठ्ठलमूर्ती असून आषाढी एकादशीला भाविकांची गर्दी होते. श्रावणातील व्रते सिंधी व मराठी घरांत एकाच सुमारास येत असल्याने सणांचा बाजारही सामाईक असतो.