इंदूर ते पुणे किती लांब?

परवा भाचा विचारत होता, “मामा, इंदूरहून पुणे किती लांब आहे?” मी म्हटलं, “कशाने जाणार, ते आधी सांग.”

नकाशावर सरळ रेघ मारली तर सुमारे ५१० किलोमीटर. सडकेने ६००च्या आसपास. आणि आजची रेल्वे रतलाम, बडोदा, वसई, कल्याण असा गुजरातला वळसा घालून नऊशेच्या वर! मधे नर्मदा, तापी आणि त्या दोघींच्या मधोमध सातपुडा. आपले पूर्वज होळकरांच्या मागे हाच डोंगर ओलांडून माळव्यात आले. सडक अजून जवळपास तशीच जाते. मानपूरचा घाट उतरायचा, खलघाटला नर्मदा, सेंधव्यापुढे बिजासनचा घाट, मग शिरपूर, धुळे, मनमाड, नगर. आता नगरचं अहिल्यानगर झालं. अहिल्याबाईंचं चौंडी त्याच जिल्ह्यातलं, आणि इंदूरचा विमानतळही त्यांच्याच नावाचा.

आमच्या लहानपणी मात्र सगळे खंडव्यावरून जायचे. ही छोटी लाईन म्हणजे होळकर स्टेट रेल्वे. दुसऱ्या तुकोजीरावांनी तिच्यासाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले होते, आणि १८७८ साली ती इंदूरपर्यंत पुरी झाली. खंडव्याला सामान उतरवून गाडी बदलायची. पुढे चोरलनंतर कालाकुंड. तिथे घाट चढायला जादा इंजिन जोडत, तेवढ्यात पानाच्या द्रोणातला कलाकंद खिडकीशी यायचा.

१९६९ साली आजी पहाटे गेली. आत्या पुण्याला दिलेली. बाबांनी तार केली, ती तिला दुपारी मिळाली. रात्रीच्या गाडीने निघून ती आणि काका दुसऱ्या दिवशी रात्री घरी पोहोचले. थांबणं शक्यच नव्हतं, आदल्या दिवशीच अग्नी दिलेला. आत्या दारात उभी राहिली, तर तिच्या हातात कलाकंदाचे दोन द्रोण. आजीला आवडायचा म्हणून दर खेपेला आणायची, तसा याही वेळी सवयीने घेतला होता. बाबांनी ते हातातून काढून घेतले, तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं. नंतर कितीदा तरी ती इंदूरला आली, पण कालाकुंड आलं की खिडकी लावून घ्यायची.

दोन वर्षांपूर्वी आत्याही गेली. सकाळी फोन आला आणि दुपारच्या विमानाने मी निघालो. आपला विमानतळ बिजासन टेकडीजवळ. सडकेने जाताना घाटात बिजासनी मातेला नारळ वाढवतात, मी इथूनच हात जोडले. सव्वा तासात लोहगाव. संध्याकाळी वैकुंठात वेळेवर होतो. बाबा असते तर म्हणाले असते, “बढिया झालं, पोचलास.”

मनमाड–इंदूर रेल्वेला सप्टेंबर २०२४ मधे केंद्राची मंजुरी मिळाली. ३०९ किलोमीटरची लाईन, थेट सातपुड्यातून. आमच्या पिढीने तिच्या बातम्या इतक्यांदा वाचल्या आहेत की मी गाडी बघितल्याशिवाय पेढे वाटणार नाही.

भाचा शेवटी रात्रीच्या बसने गेला. सेंधव्याला चहा प्यायला उतरलो म्हणून फोन केला होता त्याने.

खंडव्याला गाडी बदललेलं कुणाला आठवत असेल तर जरूर लिहा, मंडळी.