अर्धवट राहिलेला प्रबंध : बाबासाहेबांची संशोधनाची वर्षं

पेटच्या मुलाखतीची तयारी करणारे बरेच जण विचारतात, विषय आवडीचा घ्यावा की गाईडच्या प्रोजेक्टमध्ये बसणारा? माझं क्षेत्र विज्ञानाचं, त्यामुळे माझ्याकडे याचं उत्तर असतं ते प्रयोगशाळेतलं. पण मध्यंतरी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची १९१३ ते १९२७ ही वर्षं मी एका संशोधक विद्यार्थ्याची म्हणून वाचली. आपल्या पाठ्यपुस्तकात हा काळ 'परदेशात उच्च शिक्षण घेतले' एवढ्या एका वाक्यात संपतो.

सुरुवात पैशांपासून करू, कारण संशोधन तिथेच अडतं. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी शिष्यवृत्ती दिली ती महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं. बदल्यात शिक्षणानंतर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची, असा करार. आजच्या भाषेत बाँडच.

१९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१५ साली एम.ए.साठी लिहिलं ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर आणि वित्तव्यवस्थेवर. पुढे पीएचडीसाठी विषय ब्रिटिश हिंदुस्थानच्या वित्ताचाच. आता गंमत बघा. जातीवरचा त्यांचा गाजलेला निबंध याच काळातला, मे १९१६ चा, पण तो डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये वाचलेला. पदवीचा विषय नव्हे. जो प्रश्न रोज अंगावर झेलला तो सेमिनारमध्ये, आणि पदवी सरकारी हिशेबांवर! मला ही तडजोड वाटत नाही. १८३३ नंतर तिजोरी केंद्राच्या हातात गेली आणि खर्च मात्र प्रांत करत राहिले. ज्याला उत्पन्नाची काळजी नाही तो काटकसर कशाला करेल? मग १८७१ पासून प्रांतांना ठरावीक रक्कम नेमून द्यायला सुरुवात झाली, नंतर उत्पन्नाच्या काही बाबी, नंतर उत्पन्नात वाटा. हे टप्पे त्यांनी अंदाजपत्रकं, कायदे आणि सरकारी अहवाल चाळून उभे केले. म्हणजे प्रश्न सत्तेचाच होता. पैसा कोणाच्या हातात, आणि त्या हाताला नियम कोणता?

१९१६ च्या शरद ऋतूत ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले, शिवाय ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी. आणि शिष्यवृत्ती संपली. १९१७ मध्ये काम अर्धवट टाकून परतावं लागलं. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पूर्ण करण्याची परवानगी तेवढी हातात होती.

करारानुसार बडोद्यात नोकरी धरली. कचेरीत शिपाई कागद लांबून फेकत. राहायला जागा मिळेना, म्हणून पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या लोकांनी बाहेर काढलं. बडोदा सुटलं. नोव्हेंबर १९१८ पासून मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. ही नोकरी म्हणजे त्यांच्यासाठी मुख्यतः लंडनच्या तिकिटाची सोय होती. पगारातून शिल्लक टाकली, मित्र नवल भथेना यांनी कर्ज दिलं, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली. १९२० मध्ये, मुदत संपायच्या आत, ते पुन्हा लंडनला पोचले.

१९२१ ला एम.एस्सी. झालं. मग डी.एस्सी.साठी रुपया. १८९३ मध्ये सरकारने टांकसाळी चांदीच्या खुल्या नाणेपाडणीसाठी बंद केल्या. त्यानंतर रुपये किती पाडायचे हे सरकार ठरवू लागलं. केन्स यांनी १९१३ च्या पुस्तकात या व्यवस्थेचं, म्हणजे सुवर्ण विनिमय पद्धतीचं, समर्थन केलं होतं. आंबेडकरांचं म्हणणं उलटं : चलन वाढवणं सरकारच्या मर्जीवर राहिलं की भाववाढ होते आणि ती सामान्य माणसाला भोवते. रुपये पाडणं कायमचं बंद करा, टांकसाळ सोन्यासाठी उघडा. केन्सच्या विरोधात, लंडनमध्ये बसून, एक विद्यार्थी हे लिहितोय!

१९२२ च्या ऑक्टोबरात प्रबंध सादर केला. परीक्षकांनी तो दुरुस्तीसाठी परत पाठवला. चरित्रकार धनंजय कीर यांच्या मते निष्कर्ष तेच ठेवून मांडणी बदलायची होती. पैसे संपले होते, त्यामुळे दुरुस्ती मुंबईत बसून केली. १९२३ अखेर प्रबंध मान्य झाला आणि पुस्तकही निघालं. प्रस्तावना प्रा. एडविन कॅनन यांची. आंबेडकरांचे बरेच मुद्दे आपल्याला पटत नाहीत, हे त्यांनी त्या प्रस्तावनेतच सांगून टाकलंय, आणि तरी युक्तिवादातल्या ताजेपणाचं कौतुक केलंय. गाईड निवडताना अशी माणसं शोधा.

कोलंबियाची पीएचडी मात्र अजून लटकलेलीच होती. तिथे पदवीसाठी प्रबंधाच्या छापील प्रती द्याव्या लागत, आणि छापायला पैसे लागत. तो ग्रंथ १९२५ मध्ये निघाला, प्रा. सेलिगमन यांच्या प्रस्तावनेसह. त्याच वर्षी हिल्टन यंग आयोगापुढे चलनावर त्यांची साक्ष झाली. पदवी मिळाली जून १९२७ मध्ये. तोवर महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह होऊन तीन महिने झाले होते.