कपाटातील ग्रंथ आणि तासाचा ग्रंथ

पांढुर्णा आणि सौसर हे दोन तालुके ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यापासून निराळे झाले आणि त्यांचा मिळून पांढुर्णा हा मध्य प्रदेशातील एक नवा जिल्हा बनला. येथील घरोघरी मराठी बोलली जाते, राज्याचा कारभार मात्र हिंदीतून चालतो. अशा सीमेवरच्या मुलुखात उभे राहून पाहिले, म्हणजे एका जुन्या प्रश्नाच्या साऱ्या बाजू नजरेस येतात. सरकारी शाळेत एखादा धर्मग्रंथ सर्व मुलांना सक्तीने शिकवावा काय, हा तो प्रश्न होय.

१८५४ साली नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा झाले आणि त्याबरोबर हा प्रदेशही इंग्रजांकडे गेला. त्याच वर्षी विलायतेहून शिक्षणासंबंधीचा वुडचा प्रसिद्ध खलिता आला. राज्यकर्ते ख्रिस्ती असूनही सरकारी शाळांतील शिक्षण धर्मनिरपेक्षच राहावे, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. बायबल शाळेच्या ग्रंथालयात असावे, ज्याला वाटेल त्याने ते वाचावे, कोणी आपण होऊन शंका विचारल्यास शिक्षकाने शाळेच्या वेळेबाहेर तिचे समाधान करावे, इतकीच मोकळीक होती. म्हणजे ग्रंथ कपाटात होता, तासाला नव्हता. त्यापूर्वी तीस वर्षे मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनीही शिक्षणाच्या योजनेत धर्माची भेसळ करण्यास कडक हरकत घेतली होती.

मिशनच्या शाळांची रीत मात्र निराळी होती. त्यांतील अनेक शाळांत बायबलचा तास सर्वांनाच सक्तीचा असे. विद्यार्थी बहुतांशी हिंदू व मुसलमान, आणि सरकारी अनुदान तर सर्वांच्या करांतून येणारे. पालकांची इच्छा नसल्यास मुलाला त्या तासातून सूट मिळावी, अशी मागणी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात जोराने पुढे आली. ना. श्रीनिवास शास्त्री हे तिचे एक मोठे पुरस्कर्ते होते. ही मागणी न्याय्य होती, हे आज ख्रिस्ती समाजानेही मोकळ्या मनाने मान्य करावयास हवे.

पुढे १९३७ साली वर्ध्यास शिक्षण परिषद भरली. तीतून जी मूलोद्योग शिक्षणाची योजना निघाली, तीत धर्मशिक्षणाला स्थान नव्हते. आज धर्म ज्या रीतीने शिकविले जातात व पाळले जातात त्या रीतीने ऐक्याऐवजी कलहच वाढेल, अशी भीती गांधीजींनी बोलून दाखविली होती. त्याच सुमारास मध्यप्रांत-वऱ्हाडात पंडित रविशंकर शुक्ल यांनी खेड्यापाड्यांसाठी विद्यामंदिर योजना पुढे मांडली. दान मिळालेल्या जमिनीच्या उत्पन्नावर शाळा चालावी, हा तिचा हेतू उत्तम होता. तथापि ‘मंदिर’ या एका शब्दावरून मुसलमान पुढाऱ्यांनी मोठा आक्षेप घेतला. एका नावाने एवढे मन दुखावत असेल, तर सक्तीच्या पाठाची गोष्ट किती नाजूक असेल, याची कल्पना यावरून येते.

७ डिसेंबर १९४८ रोजी हा विषय घटना समितीपुढे आला. तेव्हा डॉ. आंबेडकरांनी मुख्यत्वे तीन कारणे दिली. करांचा पैसा सर्वांचा आहे, तो एका पंथासाठी खर्च होऊ नये. धर्म इतके आहेत, की प्रत्येकाची सोय करणे शाळेला झेपणार नाही. आणि आपलाच मार्ग खरा असे मानणारे वाद वर्गात शिरले, तर शाळेची शांतता उरणार नाही. घटनेच्या अठ्ठाविसाव्या कलमात हाच विचार आला. केवळ सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांत धर्मशिक्षण नाही. आणि मान्यताप्राप्त वा अनुदानित खाजगी शाळांत ते दिलेच, तर पालकाच्या संमतीवाचून कोणाला सक्ती नाही. धर्मशिक्षण आणि धर्माचा अभ्यास या दोन गोष्टी भिन्न आहेत, हा भेदही डॉ. आंबेडकरांनी त्याच दिवशी सांगितला. सर्वोच्च न्यायालयाने १९७१ व २००२ च्या निवाड्यांत तोच भेद मानला.

आता २०११ सालाकडे येऊ. मध्य प्रदेश शासनाने शाळांतून भगवद्गीता शिकविण्याचे जाहीर केले. कॅथलिक धर्माध्यक्षांच्या परिषदेतर्फे प्रकरण उच्च न्यायालयात गेले. जानेवारी २०१२ मध्ये न्यायालयाने, गीता हा मूलतः तत्त्वज्ञानाचा ग्रंथ आहे, असे मत देऊन तक्रार अमान्य केली. गीतेत थोर तत्त्वज्ञान आहे, हे कोणीही नाकारणार नाही. परंतु ज्या घरात ती देवघरात ठेवतात, त्या घराला ती नुसते तत्त्वज्ञान वाटत नाही. आणि ज्या घरात ती नाही, तेथील मुलालाही हा फरक कळतो.

शिवाय ग्रंथ कोणता, हेही ठरवावे लागते. राजधानी भोपाळची आहे आणि हिंदी प्रदेशाला तुलसीदासांचे रामचरितमानस जवळचे. सौसरच्या वारकरी घरात मात्र ज्ञानेश्वरी आणि तुकोबांची गाथा. त्याच गावात गोंडांची कुटुंबे आहेत, मुसलमान आहेत, थोडे ख्रिस्ती आहेत, आणि डॉ. आंबेडकरांच्या मार्गाने गेलेले बौद्धही आहेत. १९५६ च्या १४ ऑक्टोबरला नागपुरास धम्मदीक्षा झाली आणि १ नोव्हेंबरला नव्या प्रांतरचनेत हे तालुके मध्य प्रदेशात राहिले. बहुसंख्य असणे आणि अल्पसंख्य ठरणे यांत अंतर किती थोडे असते, हे येथील मराठी माणसाला कोणी वेगळे शिकवावयास नको.

म्हणून धर्मग्रंथ शाळेतून हद्दपार करावेत, असे नव्हे. ज्ञानेश्वरीच्या ओव्यांवाचून मराठी शिकविता येणार नाही. १६१६ साली छापलेले फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण हिंदू वाचकही मराठीचा ठेवा म्हणून वाचतो, आणि त्यासाठी त्याला ख्रिस्ती व्हावे लागत नाही. कसोटी अगदी साधी आहे. पाठातील विचार पटला नाही असे मुलाने उत्तरपत्रिकेत कारणांसह लिहिले आणि तरीही त्याला पूर्ण गुण मिळाले, तर तो अभ्यास झाला. हात जोडल्यावाचून ज्याचा तास सुरू होत नाही, त्या ग्रंथाला घर आहे, मंदिर, मशीद वा चर्च आहे; आणि शाळेतही त्याच्यासाठी ग्रंथालयाचे कपाट आहे. त्या कपाटाला कुलूप मात्र नसावे.