छाप्यांची माळ: नाणेफेकीच्या यांत्रिक अनुकरणाचा इतिहास

नाणे वारंवार उडवले असता एकच बाजू ओळीने पडत राहिली, म्हणजे छाप्यामागून छापा किंवा काट्यामागून काटा येत गेला, तर त्या सलग क्रमाला प्रस्तुत लेखात ‘माळ’ म्हटले आहे. अशी माळ लांबली की पाहणाऱ्याला नाण्यात खोट असल्याचा किंवा फेकणाऱ्याने हातचलाखी केल्याचा संशय येतो. मात्र या विषयाच्या सुमारे तीनशे वर्षांच्या अभ्यासातून जे निष्पन्न झाले ते या संशयाच्या नेमके उलट आहे, कारण पुरेशा लांब माळा नसणे हीच बनावट नाणेफेकीची खूण ठरली. पुढे गणकयंत्रे नाण्याची नक्कल करू लागली, तेव्हा त्यांचे कितीतरी दोष याच कसोटीवर उघडे पडले.

माळेचे गणित पहिल्यांदा पद्धतशीरपणे मांडण्याचे श्रेय अब्राहम द म्वाव्र या गणितज्ञाकडे जाते. फ्रान्समध्ये प्रोटेस्टंट पंथीयांचा छळ सुरू झाल्यावर तो लंडनला आला आणि शिकवण्या करून जन्मभर तेथेच राहिला. ‘द डॉक्ट्रिन ऑफ चान्सेस’ हा त्याचा ग्रंथ १७१८ मध्ये निघाला आणि १७३८ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने ठरावीक संख्येच्या फेकींत ठरावीक लांबीची माळ येण्याची संभाव्यता किती, हा प्रश्न घेतला. ओळीने दहा छापे मिळेपर्यंत सरासरी किती फेकी कराव्या लागतील, याचे उत्तर २ चा ११ वा घात वजा २, म्हणजे २,०४६ असे येते, आणि माळेत एक छापा वाढवला की ही संख्या दुपटीहून किंचित अधिक होते.

याच प्रकारच्या मोजणीची एक वाट भारतीय छंदःशास्त्रातूनही जाते. मात्रावृत्तांत लघूची एक आणि गुरूची दोन मात्रा धरतात, आणि ठरावीक मात्रांत किती रचना बसतात हे मोजण्याचा नियम विरहांकाने व पुढे बाराव्या शतकात हेमचंद्राने सांगितला: १, २, ३, ५, ८, १३ अशी ही श्रेणी असून तिच्यात प्रत्येक संख्या आधीच्या दोन संख्यांची बेरीज असते. एकट्या काट्याला लघू आणि छापा व त्यामागचा काटा या जोडीला गुरू मानून शेवटी एक काटा जादा जोडला, तर दोन छापे कोठेही लागून न येणाऱ्या दहा फेकींच्या क्रमांची संख्या अकरा मात्रांच्या रचनांइतकीच, म्हणजे १४४ निघते. दहा फेकींचे एकूण क्रम १,०२४ असल्याने, ज्यांत दोन छाप्यांचीही माळ नाही असे क्रम सातांत जेमतेम एक ठरतात. छंदःशास्त्रकारांचा हेतू अर्थातच नाण्यांचा नव्हता. पण क्रम एकेक लिहून काढण्याऐवजी लहान क्रमांवरून मोठे मोजण्याची जी रीत आज प्रोग्रॅममध्ये वापरतात, ती त्यांच्या हाती पूर्णपणे आलेली होती, हे आदराने नोंदवावेसे वाटते.

अठराव्या शतकातील युरोपात मात्र या गणितावर सर्वांचा विश्वास बसला नव्हता. द’अलांबेरसारख्या थोर गणितज्ञानेही फार लांब माळ केवळ तर्कात शक्य असते, प्रत्यक्षात नव्हे, असे प्रतिपादन केले. यावर प्रयोग हाच उपाय होता. ब्युफाँ या निसर्गअभ्यासकाने एका मुलाकडून काटा पडेपर्यंत नाणे उडवण्याच्या स्वरूपाचा खेळ २,०४८ वेळा खेळवून घेतला आणि १७७७ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. १,०६१ खेळ पहिल्याच फेकीत संपले, ४९४ दुसऱ्या फेकीत, आणि ही उतरंड पुढे चालू राहून ६ खेळ थेट नवव्या फेकीपर्यंत टिकले. सर्व मिळून फेकी झाल्या ४,०४०. दर पायरीला खेळांची संख्या साधारण निम्मी होत जाणे हे गणिताशी जुळणारेच होते.

हाताने नाणे उडवण्याचा सर्वांत चिकाटीचा प्रयोग दुसऱ्या महायुद्धात झाला. दक्षिण आफ्रिकेतील गणिताचे प्राध्यापक जॉन केरिच १९४० मध्ये डेन्मार्कमध्ये असताना जर्मन सैन्याने तो देश व्यापला, आणि ब्रिटिश प्रजाजन म्हणून त्यांना युटलंडमधील छावणीत स्थानबद्ध करण्यात आले. तेथे एका सहबंद्याच्या साहाय्याने त्यांनी नाणे १०,००० वेळा उडवून प्रत्येक फेक नोंदवली, तीत छापे ५,०६७ आले, आणि १९४६ मध्ये हा तपशील पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. एवढ्या कष्टानंतरही फेकींची संख्या बारा-तेरा छाप्यांच्या माळेपलीकडे सहसा पोहोचवणारी नव्हती. त्याहून लांब माळांचा अभ्यास करायचा तर माणसाचा हात अपुरा होता.

यंत्र मात्र जात्याच आज्ञाधारक असते. तेच गणित दिले की ते तेच उत्तर देते, म्हणून यादृच्छिक संख्या, म्हणजे ज्यांच्या क्रमात कोणताही नियम सापडू नये अशा संख्या, त्याच्याकडून काढून घेणे ही मोठीच अडचण होती. अणुसंशोधनासाठी स्टॅनिस्लॉ उलाम आणि जॉन फॉन नॉयमन यांनी १९४६ च्या सुमारास संभाव्यतेवर आधारलेली जी आकडेमोडीची पद्धत सुचवली आणि जिला निकोलस मेट्रोपोलिस यांनी ‘माँटे कार्लो’ हे नाव दिले, तिला अशा संख्यांची प्रचंड गरज होती. फॉन नॉयमन यांनी संख्येचा वर्ग करून त्यातील मधले अंक पुढची संख्या म्हणून घेण्याची युक्ती काढली. पण चार अंकी संख्यांत ६१०० वर पोहोचल्यास पुढे २१००, ४१००, ८१०० आणि पुन्हा ६१०० असे चक्र लागते. सम संख्या म्हणजे छापा असे ठरवलेले असेल, तर तेथून पुढे यंत्र अखंड छापेच देत राहते.

डी. एच. लेमर यांनी १९४९ मध्ये मांडलेली रीत अधिक टिकाऊ ठरली. तीत आधीच्या संख्येला एका स्थिर गुणकाने गुणून ठरावीक भाजकाने भागतात आणि बाकी हीच पुढची संख्या समजतात. पुढे यंत्राच्या सोयीसाठी अनेकांनी भाजक म्हणून २ चा एखादा घात घेतला आणि गुणाकारात एक विषम संख्या मिळवण्याची जोड दिली, तेव्हा एक विचित्र गोष्ट घडली: गुणकही विषम असल्यास सम संख्येमागून विषम आणि विषमामागून सम असाच क्रम अखेरपर्यंत चालतो. सम-विषमावरून नाणेफेक ठरवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये त्यामुळे छापा, काटा, छापा, काटा एवढेच येत राहते आणि दोनाचीही माळ कधी बनत नाही. १९६० च्या दशकात आयबीएमच्या यंत्रांवर सर्रास वापरली गेलेली ‘रँडू’ ही रीत दुसऱ्या टोकाला गेली. तिचा गुणक ६५,५३९ आणि सुरुवातीची संख्या विषम, मिळवायचे काहीच नाही, म्हणून प्रत्येक संख्या विषमच निघते. संख्या पल्ल्याच्या खालच्या अर्ध्यात आहे की वरच्या, यावरून छापा-काटा ठरवणे हा या दोषावरचा उतारा होता. परंतु रँडूच्या लागोपाठच्या तीन संख्या अवकाशातील बिंदू म्हणून मांडल्यास ते सर्व बिंदू केवळ पंधरा समांतर प्रतलांवर पडतात, ही खोल उणीव त्याने भरून निघत नव्हती.

माळेच्या दृष्टीने सर्वांत बोधप्रद उदाहरण शिफ्ट रजिस्टरचे आहे. यात ० किंवा १ धरणाऱ्या घरांची एक ओळ असते. दर ठोक्याला सर्व अंक एक घर पुढे सरकतात आणि रिकाम्या झालेल्या घरात काही निवडक घरांच्या बेरजेवरून नवा अंक येतो. सॉलोमन गोलोंब यांनी १९५० च्या दशकापासून या रचनेचा कसून अभ्यास केला. वीस घरांची उत्तम रचना १०,४८,५७५ अंकांनंतर पुन्हा पहिल्यावर येते आणि या पूर्ण फेरीत वीस एक्क्यांची माळ अचूक एकदाच सापडते, पण एकविसांची कधीच नाही. वीसही घरे १ ने भरल्यावर नवा अंकही १ आला, तर ओळीची अवस्था जशीच्या तशी राहील आणि यंत्र तेथेच कायमचे अडकेल, हे त्याचे कारण आहे. खरे नाणे एकविसावा छापा कधी ना कधी देते. या यंत्राला मात्र तो देताच येत नाही.

माणसाची नक्कलही याच रीतीने पकडता येते. हंगेरीतील गणितशिक्षणतज्ज्ञ तमाश वर्गा विद्यार्थ्यांच्या एका गटाला २०० वेळा नाणे उडवायला आणि दुसऱ्या गटाला तसाच क्रम मनाने लिहायला सांगत, आणि कागद पाहून कोणता खरा ते बहुधा ओळखत. २०० खऱ्या फेकींत सहा किंवा अधिक एकसारख्या बाजूंची माळ येण्याची संभाव्यता ९६ टक्क्यांहून अधिक असते, तर मनाने लिहिणारा चार-पाचांनंतर कचरतो. फेकी वाढल्या की सर्वांत लांब माळ किती होईल, याचा नियम पॉल एर्डश आणि आल्फ्रेड रेन्यी यांनी १९७० मध्ये सिद्ध केला: २ चा जो घात फेकींच्या संख्येइतका होतो, त्या घाताच्या आसपास ही लांबी राहते. म्हणून १०,००० फेकींना साधारण तेरा आणि दहा लाखांना साधारण वीस अशी ती येते.

या नियमामुळे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला आपल्या यंत्राची मर्यादा आधीच तपासता येते. २ चा ३१ वा घात वजा १ हा भाजक घेऊन लेमर यांच्या रीतीने चालणाऱ्या, १९६९ नंतर फार प्रचलित झालेल्या प्रोग्रॅमचा संपूर्ण पल्ला २,१४,७४,८३,६४६ संख्यांचा आहे, आणि तीस छाप्यांच्या माळेसाठी सरासरी लागणाऱ्या फेकीही अचूक तेवढ्याच आहेत. म्हणजे अशी एक माळ शोधता शोधता त्या प्रोग्रॅमची सगळी पुंजी संपून जाते. माकोतो मात्सुमोतो आणि ताकुजी निशिमुरा यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘मर्सेन ट्विस्टर’चा पल्ला २ चा १९,९३७ वा घात वजा १ इतका असल्याने ही अडचण आता उरलेली नाही. उरला आहे तो केवळ काळाचा प्रश्न. सेकंदाला एक नाणे उडवणाऱ्या हाताला तीस छाप्यांच्या माळेसाठी सरासरी ६८ वर्षे लागतील, आणि सेकंदाला शंभर कोटी फेकी करणाऱ्या यंत्राला तीच माळ दोन-तीन सेकंदांत मिळेल. परंतु त्याच यंत्राकडून साठ छाप्यांची माळ हवी असेल, तर त्यालाही सरासरी ७३ वर्षे थांबावे लागेल.