मुंबईचा धक्का आणि हॉकीचे राष्ट्रीय संघ

शाळेतील इतिहासाच्या पुस्तकात लढाया असतात, तह असतात, राजे आणि व्हाइसरॉय असतात. खेळाला मात्र त्यात फारशी जागा नसते. खेळ म्हणजे अभ्यासातून चोरलेला वेळ, अशीच आपली सर्वसाधारण समजूत आहे. परंतु आपला देश स्वतंत्र होण्याच्या १९ वर्षे आधी 'भारत' या नावाने जगातील इतर राष्ट्रांसमोर उभा राहिला आणि जिंकला तो एका मैदानावरच. त्या विजयाची वाट आपल्या समोरच्या मुंबई बंदरातून गेली होती. पेणची मंडळी धरमतरहून लाँचने ज्या मुंबईच्या धक्क्यावर उतरत, त्याच मुंबईचा हॉकीच्या इतिहासात किती मोठा वाटा आहे, हे आपल्या विद्यार्थ्यांना आणि पालकांना माहीत व्हावे, म्हणून हा लेखप्रपंच.

हॉकी आपल्याकडे आणली ती इंग्रजी पलटणींनी. कलकत्त्यात १८८५-८६ च्या सुमारास पहिला क्लब निघाला. १८९५ साली तेथे बेटन कप आणि पुढच्याच वर्षी, १८९६ साली, मुंबईत आगाखान कप सुरू झाला. खेळ गोऱ्यांनी आणला खरा, पण तो लवकरच त्यांच्या हातून निसटला. एक काठी, एक चेंडू आणि सपाट जमीन एवढ्या भांडवलावर तो लष्करी छावणीत, रेल्वेच्या वसाहतीत, मिशनच्या शाळेत आणि भोपाळसारख्या संस्थानात सारखाच रुजला. ७ नोव्हेंबर १९२५ रोजी ग्वाल्हेर येथे भारतीय हॉकी संघटनेची स्थापना झाली. त्याच्या आदल्याच वर्षी युरोपातील सात राष्ट्रांनी पॅरिस येथे आंतरराष्ट्रीय संघटना काढली होती. १९२६ साली भारतीय सैन्याचा संघ न्यूझीलंडला गेला आणि २१ पैकी १८ सामने जिंकून परतला. आता पुढची पायरी होती ऑलिंपिकची.

१९२८ सालचे ऑलिंपिक हॉलंडमधील ॲम्स्टरडॅम येथे होते. संघ निवडला गेला, पण पैसा नव्हता. शौकत अली आणि नॉरिस या दोन खेळाडूंना मागे ठेवावे लागणार अशी वेळ आली होती. बंगालने मदत केली म्हणून ते जाऊ शकले. निघण्यापूर्वी मुंबईच्या संघाशी सामना झाला आणि त्यात भारताचा संघ ३-२ असा हरला! साहजिकच लोकांचा विश्वास उडाला. १० मार्च १९२८ रोजी 'कैसर-इ-हिंद' ही आगबोट मुंबईहून निघाली, तेव्हा खेळाडूंना निरोप द्यायला धक्क्यावर अवघी तीन माणसे होती, अशी नोंद ध्यानचंद यांनी पुढे आपल्या आत्मचरित्रात केली आहे. त्या काळच्या आगबोटींवर आपल्या कोकणातील खलाशी मोठ्या संख्येने काम करीत. परमुलखात जाणाऱ्या बोटीचा निरोप कसा असतो, हे आपल्या घरांना सांगण्याची गरज नाही. साध्या खलाशाला पोहोचवायलासुद्धा घरची चार माणसे येतात. येथे एका देशाच्या संघाला तीन आली.

ॲम्स्टरडॅमला मात्र चमत्कार घडला. ऑस्ट्रियावर ६, बेल्जियमवर ९, डेन्मार्कवर ५, स्वित्झर्लंडवर ६ आणि २६ मेच्या अंतिम सामन्यात यजमान हॉलंडवर ३, असे एकूण २९ गोल भारताने केले. आपल्यावर एकही होऊ दिला नाही. त्यांपैकी १४ एकट्या ध्यानचंद यांचे होते. गोलरक्षक होते रिचर्ड ॲलन. कर्णधार जयपालसिंग मुंडा छोटानागपूरच्या आदिवासी समाजातील होते आणि ऑक्सफर्डला शिकलेले होते. संघात अँग्लो-इंडियन होते, फिरोजखान व शौकत अली यांच्यासारखे मुसलमान होते, हिंदू होते, शीख होते. संघ परत आला तेव्हा ज्या बंदरावर तीन माणसे होती, तेथे गर्दीला उभे राहायला जागा पुरली नाही.

यातून विद्यार्थ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. निरोपाच्या दिवशी किती माणसे आली, यावरून माणसाची योग्यता ठरत नाही. आज ज्या मुलाकडे कोणी पाहत नाही, त्याला बोटीवर चढू देण्याइतकी मदत कोणीतरी करावी लागते. बंगालने ती केली नसती, तर शौकत अली हे नाव ऑलिंपिकच्या इतिहासात आले नसते.

१९३२ साली लॉस एंजेलिस येथे लालशाह बुखारी यांच्या नेतृत्वाखाली भारताने अमेरिकेवर २४-१ असा विजय मिळविला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये ध्यानचंद कर्णधार होते. सरावाच्या सामन्यात जर्मनीकडून हार पत्करावी लागली, तेव्हा अली इक्तिदार शाह दारा यांना हिंदुस्थानातून विमानाने बोलावून घेण्यात आले. अंतिम सामना १५ ऑगस्ट १९३६ रोजी झाला आणि भारताने जर्मनीला ८-१ असे हरविले. त्या संघात जाफर, मसूद, महंमद हुसेन, अहमद शेरखान अशी अनेक मुसलमान नावे होती. बरोबर अकरा वर्षांनी त्याच तारखेला देश स्वतंत्र झाला, पण त्याच वेळी फाळणीही झाली. संघही फाटला.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये दारा मैदानावर उतरले ते पाकिस्तानचे कर्णधार म्हणून. भारताच्या संघाचे कर्णधार होते किशनलाल. लिओ पिंटो, वॉल्टर डिसोझा, मॅक्सी वाझ हे मुंबईत खेळणारे खेळाडू त्या संघात होते. अख्तर हुसेन आणि लतीफुर रेहमान हेही भारताकडून खेळले. १२ ऑगस्ट १९४८ रोजी वेंबली येथे भारताने ग्रेट ब्रिटनला ४-० ने हरविले. ज्यांनी खेळ शिकविला आणि ज्यांनी राज्य केले, त्यांच्याच राजधानीत तिरंगा वर चढला. पुढे अख्तर हुसेन आणि लतीफुर रेहमान पाकिस्तानात गेले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये अंतिम सामना भारत व पाकिस्तान यांच्यात झाला, तेव्हा हे दोघे पाकिस्तानच्या संघात होते. भारत १-० ने जिंकला. या दोघांजवळ एक सुवर्णपदक भारताचे आणि एक रौप्यपदक पाकिस्तानचे, असा योग आला. अशा माणसांना कोणी सहज नावे ठेवू नयेत. फाळणीने किती घरांची अशी वाटणी केली, हे आपल्या आधीच्या पिढीने पाहिले आहे. त्याचबरोबर हेही सांगितले पाहिजे, की असंख्य खेळाडू येथेच राहिले, येथेच खेळले आणि त्यांच्या मुलांनीही देशासाठी काठी हातात घेतली.

याचे सर्वांत सुंदर उदाहरण म्हणजे वर उल्लेखिलेले अहमद शेरखान यांचे चिरंजीव अस्लम शेरखान. राष्ट्रीय संघांसाठी ऑलिंपिकशिवाय स्वतंत्र विश्वचषक असावा, ही कल्पना पाकिस्तानच्या नूरखान यांनी मांडली. पहिली स्पर्धा १९७१ साली बार्सिलोना येथे झाली. तेथे पाकिस्तान विजयी झाला, भारत तिसरा आला. १९७३ साली हॉलंडमध्ये भारत अंतिम सामन्यात पेनल्टी स्ट्रोकवर हरला. तिसरी स्पर्धा १९७५ साली क्वालालंपूर येथे झाली. उपांत्य सामन्यात मलेशियाने भारतावर २-१ अशी आघाडी घेतली होती आणि वेळ संपत आली होती. तेव्हा राखीव खेळाडूंतून भोपाळच्या अस्लम शेरखानला मैदानावर पाठविण्यात आले. पेनल्टी कॉर्नर मिळाला. त्याने गळ्यातील तावीज ओठांना लावला आणि गोल मारला. जादा वेळेत हरचरणसिंगने विजयी गोल केला. अंतिम सामन्यात १५ मार्च १९७५ रोजी भारताने पाकिस्तानला २-१ ने हरविले. निर्णायक गोल होता अशोककुमार यांचा, म्हणजे ध्यानचंद यांच्या मुलाचा. बर्लिनला एकत्र खेळलेल्या दोन बापांचे दोन मुलगे ३९ वर्षांनी एकाच संघात विश्वविजेते झाले! पुरुषांचा विश्वचषक भारताने जिंकला तो आजवर एवढाच.

यानंतर मुंबईची पाळी आली. ज्या १९८१ साली आपल्या कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले, त्याच वर्षाच्या अखेरीस, २९ डिसेंबरला, मुंबईत पाचव्या विश्वचषक स्पर्धेला सुरुवात झाली. बारा राष्ट्रांचे संघ आले होते. ज्या शहरातून १९२८ साली संघ गुपचूप निघाला, त्याच शहरात आता जग खेळायला आले. भारत मात्र ऑस्ट्रेलिया व हॉलंड यांच्या मागे पडला आणि उपांत्य फेरीत जाऊ शकला नाही. शेवटी तो पाचवा आला. १२ जानेवारी १९८२ रोजी अख्तर रसूल यांच्या पाकिस्तानी संघाने पश्चिम जर्मनीला ३-१ ने हरवून चषक नेला. त्याच १९८२ साली दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत भारतीय महिला संघाने सुवर्णपदक मिळविले. त्या संघाची कर्णधार होती पुण्याची एलिझा नेल्सन. ही गोष्ट आपल्या मुलींनी विशेष लक्षात ठेवावी.

भारत मागे का पडला? कारणे अनेक सांगितली जातात, पण मुख्य कारण पायाखाली होते. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी प्रथमच कृत्रिम गवतावर खेळली गेली आणि भारत एकदम सातव्या क्रमांकावर घसरला. कृत्रिम मैदानावर चेंडू एकसारखा आणि वेगाने धावतो. तेथे मनगटाच्या कसबापेक्षा दम, धाव आणि जोरदार फटका यांना महत्त्व येते. शिवाय असे मैदान अतिशय खर्चाचे असते. श्रीमंत राष्ट्रांनी गावोगावी ते घातले. आपली मुले मात्र मातीवर शिकत राहिली आणि परीक्षा द्यायला कृत्रिम गवतावर गेली. एका भाषेत अभ्यास आणि दुसऱ्या भाषेत प्रश्नपत्रिका, असाच हा प्रकार. १९८० साली मॉस्कोला सुवर्णपदक मिळाले. त्या संघात बनारसचा महंमद शाहिद होता. त्यानंतर ऑलिंपिक पदकासाठी देशाला ४१ वर्षे वाट पाहावी लागली. टोकियोला २०२१ साली आणि पॅरिसला २०२४ साली भारताने कांस्यपदक मिळविले. मधल्या कठीण काळात महाराष्ट्राने देशाला धनराज पिल्ले दिला. पुण्याजवळच्या खडकीतील साध्या कामगार वस्तीतला हा मुलगा चार ऑलिंपिक आणि चार विश्वचषक खेळला. १९९८ साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत त्याच्याच नेतृत्वाखाली भारताने ३२ वर्षांनी सुवर्णपदक जिंकले.

मैदान नाही म्हणून खेळ नाही, असे म्हणणाऱ्यांसाठी हॉकीच्या धाकट्या बहिणीचे, म्हणजे बर्फावरील हॉकीचे, उदाहरण देण्यासारखे आहे. पायात धारदार पात्यांचे बूट घालून, चेंडूऐवजी रबराची चकती काठीने सरकवीत हा खेळ खेळतात. कॅनडा, रशिया, स्वीडन अशा थंड देशांचा हा खेळ. त्याची आंतरराष्ट्रीय संघटना १९०८ पासून आहे आणि भारत १९८९ साली तिचा सभासद झाला. आपले बहुतेक खेळाडू लडाखचे. हिवाळ्यात तळी गोठली की त्यांचे मैदान तयार होते, बर्फ वितळला की सराव संपतो. अशा स्थितीत भारताचा पुरुष संघ २००९ साली प्रथमच आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला, तोही कोठे, तर अबुधाबीला! आपल्या घरांतील कितीतरी माणसे ज्या आखातात घाम गाळतात, त्या वाळवंटात छपराखाली बर्फाचे मैदान तयार केलेले आहे. २०१६ साली भारतीय मुलींचा संघ प्रथम परदेशी स्पर्धेत खेळला. २०१७ साली बँकॉकला त्यांनी फिलिपिन्सवर ४-३ असा पहिला विजय मिळविला. जून २०२५ मध्ये त्याच अमिरातीतील अल ऐन येथे आशिया चषकात त्यांनी कांस्यपदक पटकाविले. गोठलेल्या तळ्यावर शिकलेल्या मुली वाळवंटातील बर्फावर पदक घेतात, ही गोष्ट आपण पाल्यांना मुद्दाम सांगावी.

आपल्या पेण-रोह्याकडे कबड्डी आणि क्रिकेट जोरात आहे, हॉकीची काठी क्वचितच दिसते. प्रत्येक मुलाने हॉकीच खेळावी असा माझा आग्रह नाही. परंतु शिक्षक म्हणून एक गोष्ट वारंवार पाहण्यात येते. मुलगा सातवी-आठवीपर्यंत खेळतो. नववीत गेला की घरचे लोक त्याचे खेळणे बंद करतात. मुलीचे तर त्याही आधी बंद होते. यामागे पालकांची काळजी असते, हे मी जाणतो. कष्टाच्या पैशातून फी भरली जाते, ती वाया जाऊ नये असे कोणालाही वाटणारच. पण हिशेब पुरा मांडावा. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत पात्र खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. दहावी-बारावीच्या परीक्षेत पात्र खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात. त्यासाठी अधिकृत स्पर्धेचे प्रमाणपत्र लागते, गल्लीतील सामन्याचा करंडक चालत नाही. म्हणून मुलगा किंवा मुलगी शाळेतर्फे तालुका आणि जिल्हा पातळीवर खेळेल, त्याची नोंद होईल आणि प्रमाणपत्र जपून ठेवले जाईल, एवढे पालकांनी आणि आम्ही शिक्षकांनी मिळून पाहावे. जयपालसिंग ऑक्सफर्डला शिकत होते आणि खेळतही होते. एकासाठी दुसरे सोडण्याची त्यांना गरज पडली नाही.

विद्यार्थी मित्रांनो, ध्यानचंद यांचा संघ मुंबईकडून हरला आणि नंतर साऱ्या जगाला जिंकून आला. शौकत अली दुसऱ्यांच्या मदतीने बोटीवर चढला. अस्लम शेरखान शेवटच्या घटकेला राखीव जागेवरून उठला. यांच्यापैकी कोणालाही संधी येताना सांगून आली नव्हती. ती आली तेव्हा ते तयार होते, कारण रोजचा सराव त्यांनी सोडला नव्हता. अभ्यासाची वही आणि खेळाचे मैदान, दोन्हीकडे ही रोजची हजेरी तुम्ही लावा. आणि पालकांनो, धक्क्यावर निरोप द्यायला भले तीनच माणसे असोत, पण त्या तिघांत आपण असावे.